पिठाचे मस्तक आणि कँटनचा बाउ

ज्यांच्या घरी चातुर्मासात कांदालसूणही वर्ज्य असते, अशा वाचकांपुढे डुकराच्या मांसाने भरलेल्या एका चिनी पदार्थाची हकीकत मांडणे काहींना औचित्यभंगाचे वाटेल. त्यांना माझी विनंती इतकीच की, निवाडा शेवटी द्यावा. या पदार्थाच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो पाकशाळेचा नसून देव्हाऱ्याचा आहे. देवतेला जीव अर्पण करावयाचा की जिवाच्या जागी पीठ ठेवावयाचे, हा तो प्रश्न होय.

पदार्थाचे नाव ‘छा सिउ बाउ’. कँटनच्या भाषेत ‘छा’ म्हणजे काटा, ‘सिउ’ म्हणजे भाजणे, आणि ‘बाउ’ म्हणजे गुंडाळलेली वस्तू. डुकराच्या मांसाच्या लांब पट्ट्या मध, सोयाबीनचा रस, मद्य व मसाले यांत मुरवून काट्याला टोचून विस्तवावर भाजण्याची रीत होती. आता त्या आकड्यांना लटकावून उभ्या भट्टीत भाजतात. त्याचे बारीक तुकडे दाट गोडसर रसात घोळवून, आंबवलेल्या गव्हाच्या पिठाच्या पारीत भरून वाफवले म्हणजे हा बाउ तयार होतो. आपल्या उकडीच्या मोदकाची पारी आणि पावाची जाळी यांची मनात सांगड घालावी, म्हणजे रूपाची कल्पना येईल. मात्र मोदकाचे तोंड मिटलेले असते आणि चांगल्या बाउचे तोंड वाफेने तीन पाकळ्यांत उकललेले असते.

आता मुळाची कथा. तिसऱ्या शतकात चीनमध्ये तीन राज्यांचे युद्ध चालू असता, शू राज्याचा प्रधान जूगे ल्यांग इ. स. 225 मध्ये दक्षिणेच्या स्वारीवर गेला. कथा सांगते की, परतताना नदीला उधाण आले आणि स्थानिकांनी सांगितले, नदीच्या देवतेला माणसांची शिरे वाहिल्यावाचून उतार मिळणार नाही. प्रधानाने आणखी माणसे मारण्यास नकार दिला. त्याने पिठाचे गोळे करवले, आत मांस भरवले, त्यांना मस्तकाचा आकार दिला आणि ते नदीत सोडले. नदी शांत झाली. त्या गोळ्यांना ‘रानटी लोकांचे मस्तक’ अशा अर्थाचे ‘मानथौ’ हे नाव पडले, आणि बाउ हा त्याच मानथौचा वंशज.

कथा मनोहर आहे. परंतु देवस्थानांच्या दाव्यांत स्थलपुराण पुरावा म्हणून पुढे आले की वकिलाला पहिला प्रश्न विचारावाच लागतो : हे प्रथम कोणी सांगितले आणि केव्हा? त्या काळाचा अधिकृत इतिहास छन शौ याने तिसऱ्या शतकातच लिहिला. त्यात पिठाच्या मस्तकांचा उल्लेख नाही. कथा लेखी सापडते ती सुंग राजवटीत, अकराव्या शतकातील गाओ छंगच्या वस्तूंची उगमस्थाने सांगणाऱ्या ग्रंथात, म्हणजे घटनेनंतर सुमारे साडेआठशे वर्षांनी. कोणताही न्यायाधीश हा पुरावा ऐकीव म्हणून बाजूला सारील. उलट पक्षी शू शी नावाच्या कवीचे इ. स. 300 च्या आसपासचे पिठाच्या पदार्थांवरील एक काव्य उपलब्ध आहे. त्यात वसंतारंभी मानथौ वाढावे असे म्हटले आहे. पण तेथे या शब्दातले पहिले अक्षर निराळे आहे आणि शिरांचा मागमूसही नाही. शिवाय हा कवी म्हणतो की, असल्या पदार्थांची काही नावे गल्लीबोळांतून आली आणि काहींच्या कृती परक्या लोकांकडून. प्रधानापेक्षा गल्लीबोळ हा मला अधिक विश्वसनीय साक्षीदार वाटतो.

मग कथा टाकून द्यावी काय? येथे मला थांबावेसे वाटते, कारण दुसरा एक प्रसंग असा आहे की जो नोंदलेला आहे. ल्यांग घराण्याचा सम्राट वू हा निष्ठावंत बौद्ध होता व त्याने स्वतः मांसाहार सोडला होता. इ. स. 517 मध्ये त्याने आज्ञा काढली की, राजघराण्याच्या पितृमंदिरांत पशुबळी बंद व्हावा आणि त्याच्या जागी पिठाचे पशू अर्पण करावेत. दरबारात मोठी खळबळ उडाली. पूर्वजांना रक्ताचा नैवेद्य मिळणार नाही, म्हणजे त्यांना उपाशी ठेवणेच झाले, असा आक्षेप निघाला. सम्राट मागे हटला नाही. नंतर सुक्या मांसाच्या जागीही पिठाच्या पोळ्या आल्या.

हे वाचताना आपल्याकडील कोणाला पिष्टपशू आठवणार नाही? यज्ञात सजीव पशूच्या जागी पिठाचा पशू असावा, हा आग्रह माध्व परंपरेने धरला आणि त्यावरून आपल्या पंडितांत वादही थोडे झाले नाहीत. नवरात्रात कोहळा फोडतात तोही याच कुळातला. चिनी सम्राटाने आपला पिष्टपशू माध्वांकडून घेतला नाही, कारण मध्वाचार्य त्याच्यानंतर सात शतकांनी झाले. परंतु ज्या अहिंसेने त्याला तेथवर नेले ती बुद्धाच्या भूमीतूनच गेली होती. माझे अनुमान असे की, जूगे ल्यांगची कथा ज्या समाजात रुजली त्याला पिठाने जीव सोडवता येतो ही गोष्ट आधीच परिचित होती. घटना म्हणून कथा टिकत नाही. समाजाच्या मनाची साक्ष म्हणून टिकते. या दोन साक्षींची गल्लत होते तेव्हाच दावे बिघडतात.

पुढचा प्रवास दक्षिणेचा. गहू उत्तरेचा आणि तांदूळ दक्षिणेचा, ही चीनची जुनी वाटणी. सुंग राजधानी काइफंग येथील बाजाराचे वर्णन मंग युआनलाओ याने 1147 मध्ये लिहिले, त्यात बाओची दुकाने आहेत. पण तो लिहीत होता निर्वासित म्हणून. 1127 मध्ये जुर्चेन आक्रमकांनी ते नगर घेतले होते आणि दरबार व प्रजा दक्षिणेस लोटली होती. त्यांच्याबरोबर गव्हाची भूकही गेली, आणि दक्षिणेत गव्हाची लागवड वाढली.

येथे गोव्याच्या वाचकांची एक शंका आधीच मिटवतो. मकाव हे पोर्तुगीज ठाणे 1844 पर्यंत गोव्याच्या अधिकाराखाली होते. तेव्हा आपला ‘पाव’ आणि त्यांचा ‘बाउ’ एकच नव्हे काय? कानाला तसे वाटते. परंतु पोर्तुगीज प्रथम चीनला पोहोचले 1513 मध्ये, आणि बाओची दुकाने काइफंगात त्यापूर्वी चारशे वर्षे चालू होती. पाव लॅटिन ‘पानिस’चा नातू, बाउ ‘गुंडाळणे’ या चिनी धातूचा पुत्र. मकावात दोघे शेजारी झाले, भाऊबंद नव्हेत.

1757 पासून 1842 पर्यंत पाश्चात्त्यांना चीनमध्ये व्यापारासाठी कँटन हेच एक बंदर मोकळे होते. माळव्याची अफू मुंबई व दमण येथून त्याच दिशेस जाई आणि इंदूर-उज्जयिनीच्या पेढ्यांचा पैसा तीत गुंतलेला असे, हा आपल्या इतिहासातला फारसा अभिमानाचा नसलेला भाग आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या शहरात मजल्यामजल्यांची चहागृहे उभी राहिली. ‘ताओ ताओ जू’ 1880 चे. झाकणाच्या वाडग्यात चहा आणि सोबत दोन नग, ही तेथील रीत. त्या दोन नगांत छा सिउ बाउने कायमची जागा पटकावली. आजचे त्याचे तोंड उकलते ते आंबवणाबरोबर बेकिंग पावडरही घालतात म्हणून, आणि ती पावडर इंग्लंडात 1843 मध्ये निघाली. तेव्हा जूगे ल्यांगच्या नावावर विकल्या जाणाऱ्या या बाउचे हास्य तरी त्याच्या काळचे नव्हे.

कँटनचे लोक या फराळातील चार मुख्य पदार्थांना ‘चार स्वर्गीय राजे’ म्हणतात आणि त्यांत हा बाउ एक आहे. हे राजे म्हणजे बौद्ध मंदिरांच्या दाराशी उभे असलेले चार लोकपाल, आपल्या संस्कृत ग्रंथांतले चतुर्महाराज : धृतराष्ट्र, विरूढक, विरूपाक्ष, वैश्रवण. वैश्रवण म्हणजे आपला कुबेर. त्याच्या पंक्तीला कोळंबीची करंजी आणि डुकराचा बाउ बसलेला पाहून मला तरी राग येत नाही, हसू येते.

कँटनची माणसे जेथे गेली तेथे बाउ गेला. हवाईत त्याला ‘मानापुआ’ म्हणतात. मुंबईतही ती आली. माझगावला गोदीजवळ त्यांनी 1919 मध्ये आपले देऊळ बांधले. तेथील क्वान कुंग हा वीरदेव म्हणजे तीन राज्यांचा सेनापती ग्वान यू, म्हणजेच त्या जूगे ल्यांगचा सहकारी. 1962 च्या युद्धानंतर भारतातील सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत स्थानबद्ध केले गेले. त्यांपैकी पुष्कळजण येथेच जन्मलेले होते आणि बहुतेकांवर कोणताही खटला चालला नाही. त्यानंतर मुंबईची ती वस्ती विरळ होत गेली. देऊळ मात्र उभे आहे.

हाँगकाँगजवळच्या छुंग चाउ बेटावर पाक ताई देवतेचे 1783 चे मंदिर आहे. चौथ्या चांद्रमासातील उत्सवात सारे बेट तीन दिवस निरामिष राहते. त्या दिवसांत बाउ असतोच, पण आत मांसाऐवजी कमळबीज, तीळ किंवा कडधान्याचे गोड पुरण, आणि वर ‘शांती’ अशा अर्थाची तांबडी मुद्रा. उंच मनोऱ्यांवर बाउ रचून ते वर चढून लुटण्याची प्रथा होती. 1978 मध्ये मनोरे कोसळून वीसहून अधिक लोक जखमी झाले आणि सरकारने चढाई बंद केली. 2005 मध्ये ती पोलादी सांगाडा, दोर व शिकवलेले स्पर्धक अशा अटींवर पुन्हा सुरू झाली. 2007 पासून चढाईच्या मनोऱ्यावर प्लास्टिकचे बाउ लावतात. मस्तकाच्या जागी पीठ, पिठाच्या जागी प्लास्टिक! खरे बाउ मात्र उत्सवात वाटले जातात, आणि बेटावरची माणसे ते घरच्यांसाठी बांधून नेतात.