पत, कर्ज आणि आत्मप्रतिमा : वऱ्हाडातील शेतकऱ्यांच्या मानसिक ताणाची ऐतिहासिक पार्श्वभूमी

अमरावती व अकोला जिल्ह्यांतील शेतकरी आत्महत्यांची मीमांसा नापिकी, कर्ज व बाजारभाव या अंगांनी पुष्कळ झाली आहे. 'आपण नालायक ठरलो' ही धारणा मात्र दुय्यम मानली गेली. मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६७ मध्ये नैराश्याच्या मुळाशी स्वतः, जग व भविष्य यांविषयीचे नकारात्मक विचार असल्याचे मांडले. यांपैकी पहिल्या विचाराला वऱ्हाडात स्वतंत्र इतिहास आहे.

१८५३ मध्ये वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. पुढील जमीनमोजणीने शेत खातेदाराच्या नावे झाले आणि गहाण टाकणेही सोपे झाले. अमेरिकन यादवीच्या काळात (१८६१-६५) कापसाचे भाव कडाडले. युद्ध संपताच कोसळले. चढ्या भावाच्या भरवशावर घेतलेले कर्ज तेवढे उरले. भाव लिव्हरपूलला ठरे, पण सावकाराच्या वहीत थकबाकीदार म्हणून नाव लागे ते खातेदाराचे! 'पत' या एकाच शब्दात उधारीची ऐपत आणि माणसाची प्रतिष्ठा हे दोन्ही अर्थ सामावले आहेत, हे येथे ध्यानात घ्यावे. पत गेली की बियाणे उधार मिळत नाही, मुलीची सोयरीक अडते, आणि माणूस पारावर बसणेही टाळू लागतो.

२००६ मध्ये पंतप्रधानांनी या दोन जिल्ह्यांसह विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. तिचा भर व्याजमाफी व सिंचनावर होता. पुढे अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' हा उपक्रम राबविला गेला. त्यात गावपातळीवरील कार्यकर्ते नैराश्याची लक्षणे समजावीत व समुपदेशन करीत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनानुसार नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्के झाले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. तुलनेसाठी उपक्रमाबाहेरची गावे नव्हती, ही त्याची मर्यादा होय.

शेतकऱ्याच्या मनात दोष शोधल्यास धोरण निर्दोष सुटते, हा आक्षेप रास्त आहे. समुपदेशनाने कोणाचे कर्ज फिटत नाही. परंतु ही धारणा धोरणानेच पोसली असेल, तर तिचा विचार टाळून धोरणाचीही पूर्ण झाडाझडती होत नाही. शासकीय मदतीच्या निकषांतही हेच दिसते. कर्ज बँक, सहकारी संस्था वा परवानाधारक सावकाराचे नसेल, तर प्रकरण 'अपात्र' ठरते. नातलगांकडून हातउसने घेऊन पेरणी केलेल्या माणसाच्या घरी, त्याच्या मृत्यूनंतर, हाच शेरा पोचतो.