‘व सौ.’ची नोंद : मिशनरी दांपत्यांच्या अभ्यासाची प्रस्तावना

हडपसरच्या गाडीतळाजवळ दर वर्षी वारीच्या दिवसांत दोन वाटा फुटतात. ज्ञानोबांची पालखी सासवड रस्त्याला लागून दिवेघाट चढते, तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे जाते. या फाट्यावर उभे राहिले की जोडीने चालणारे वारकरी दिसतात. तिच्या डोक्यावर तुळस, त्याच्या गळ्यात टाळ. घर, गुरे, पेरणी कुणाच्या तरी भरवशावर टाकून ती दोघे निघालेली असतात. पगार नाही, हुद्दा नाही, आणि परतायचे आहे हे पक्के ठाऊक. त्यांना ‘का निघालात?’ असे कुणी विचारत नाही. त्यांचा देव, त्यांची भाषा आणि त्यांची वाट आपल्या ओळखीची आहे.

हाच सोलापूर रस्ता आणि त्याला धरून जाणारा दौंडचा लोहमार्ग पुढे केडगावला पोहोचतो. तिथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. त्या वाटेनेही देशोदेशीची माणसे देवाच्या कामासाठी आली. त्यांना मात्र आपण शंभर प्रश्न विचारतो, आणि विचारावेतही. प्रस्तुत अभ्यासक्षेत्र त्या प्रश्नांचे आहे. परक्या मुलखात काही काळ बिऱ्हाड थाटून धर्मसेवा करणारे नवराबायको हा त्याचा विषय. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकाला उंबऱ्याशी घेऊन चार गोष्टी सांगाव्यात, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

पहिली गोष्ट मोजणीची. मिशनचा इतिहास बहुधा पुरुषांच्या नावांनी लिहिला गेला. परदेशी मिशनरी धाडणारे अमेरिकन बोर्ड १८१० साली स्थापन झाले. त्याच्या वार्षिक अहवालांत नवऱ्याचे नाव ‘मिशनरी’ म्हणून येते आणि बायको ‘सहायक मिशनरी’ ठरते. पुष्कळदा तिचे स्वतःचे नावही नसते. फक्त ‘व सौ.’ एवढी भर. मुलींची शाळा तिने चालवली, घरोघरी तीच गेली, आजाऱ्याच्या उशाशी तीच बसली. पण हिशेबाच्या रकान्यात ती नवऱ्याच्या ओळीला लटकलेली. आज ज्याला आपण ‘स्वयंसेवा’ म्हणतो ती मिशनमध्ये कुणी केली असेल, तर सर्वांत आधी या बायकांनी. त्यामुळे या अभ्यासाचे एकक ‘मिशनरी’ हे नसून ‘मिशनरी दांपत्य’ आहे. एवढे मानले की जुनेच कागद नवी उत्तरे देऊ लागतात.

मुंबईचेच उदाहरण घ्या. फेब्रुवारी १८१२ मध्ये अमेरिकन बोर्डाची पहिली तुकडी दोन जहाजांनी हिंदुस्थानकडे निघाली. तिच्यातल्या तीन जोडप्यांची लग्ने निघण्याच्या आदल्या काही दिवसांतच लागली होती. हळद उतरायच्या आत जहाज. कलकत्त्यात ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना थारा दिला नाही. त्यांच्यातली हॅरिएट न्यूएल ३० नोव्हेंबर १८१२ रोजी मॉरिशसला वारली; वय एकोणीस, आणि तान्हे मूल त्याआधीच गेलेले. त्याच तुकडीतले गॉर्डन हॉल आणि नॉट पतिपत्नी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला पोहोचले. तिथेही हद्दपारीची टांगती तलवार होती. त्याच वर्षी हॉल आणि सॅम्युअल नॉट गुपचूप जहाजाने कोचीनकडे सटकले, आणि रॉक्साना नॉट मात्र मुंबईतच मागे राहिली. पकडून आणलेल्या दोघांची हकिगत मिशनच्या इतिहासात रंगवून सांगितली जाते. अनोळखी शहरात, वैरी झालेल्या सरकारच्या नजरेखाली तिने ते दिवस कसे काढले असतील, हा प्रश्न मात्र त्या इतिहासाला सुचत नाही. तो ज्याला सुचेल, तो या क्षेत्राचा विद्यार्थी.

दुसरी गोष्ट मुदतीची. ‘तात्पुरते’ हा शब्द इथे फसवा आहे. नॉट दांपत्य आयुष्यभराच्या तयारीने आले आणि प्रकृतीमुळे १८१५ मध्ये परत गेले. उलट गॉर्डन हॉल १८२६ साली नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने वारला. तेव्हा कोण किती काळासाठी आले, हे निघतानाच्या कागदावरून ठरवू नये. निघतानाचा बेत, मधली रजा, मुलांना मायदेशी पाठवण्याचा निर्णय आणि शेवट, अशा चार टप्प्यांवर तपासावे. मुलांचा टप्पा फार बोलका असतो. नवराबायकोने एकमेकांना धरून राहायचे आणि लेकरांना समुद्रापार धाडायचे, हा त्या संसारांचा नेहमीचा घाव. याच टप्प्यावर जॉर्ज बोवेनसारखा अपवाद शेजारी ठेवून पाहावा. तो १८४८ मध्ये मुंबईला आला, मिशनचा पगार त्याने नाकारला, लग्न केले नाही आणि १८८८ साली मरेपर्यंत इथेच राहिला. एकटा माणूस कायमचा राहू शकला. संसारी माणसांना मात्र घड्याळ बघावे लागले.

तिसरी गोष्ट साधनांची आणि ती वाचण्याच्या सावधपणाची. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन आणि मार्गारेट विल्सन फेब्रुवारी १८२९ मध्ये मुंबईला उतरले. मराठी शिकण्यासाठी ते काही काळ कोकणात हर्णै-बाणकोटला राहिले. मग मार्गारेटने मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. ज्या काळी मुलीच्या हाती पाटी देणे अपशकुनाचे मानत, त्या काळी तिने घरोघर फिरून मुली गोळा केल्या. १९ एप्रिल १८३५ रोजी ती वारली. विल्सन पुढे चाळीस वर्षे जगले. मुंबईच्या विल्सन कॉलेजला नाव त्यांचे लागले, आणि ते रास्तही आहे. पण मार्गारेटविषयी आपल्याला जे कळते, त्यातले बहुतेक विल्सन यांनीच १८३८ मध्ये छापलेल्या तिच्या चरित्रातून. तिची पत्रे, तिची रोजनिशी. निवड मात्र नवऱ्याची, तीही विधुर झालेल्या नवऱ्याची. या पुस्तकात तिचा आवाज आहे की त्याचा शोक, हे पानागणिक ठरवावे लागते. नवशिक्याने या एका पुस्तकावर महिनाभर बसावे. या क्षेत्राचा निम्मा सराव त्यात होतो.

साधनांचा दुसरा ढीग आपल्याच भाषेत आहे. अहमदनगरहून (आताचे अहिल्यानगर) १८४२ मध्ये सुरू झालेला ‘ज्ञानोदय’, बाबा पदमनजींचे लेखन, आणि विरुद्ध बाजूने विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांनी १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी केलेले वाद. मिशनच्या अहवालात ‘स्थानिक मदतनीस’ म्हणून एका शब्दात उरकलेली माणसे, म्हणजे पंतोजी, आया, बायबल-बाया, इथे नावागावासह भेटण्याची शक्यता असते. साहेब आणि मडम मुदत संपली की जातात. शाळा मागे राहणाऱ्यांनाच चालवावी लागते.

चौथी गोष्ट निवाड्याची. या विषयावर आपल्याकडे दोन तयार निकाल मिळतात. एक म्हणतो, ही सारी देवमाणसे. दुसरा म्हणतो, सेवा हे निमित्त आणि धर्मांतर हा डाव. दोन्ही निकाल कागद न उघडता देता येतात, हीच त्यांची उणीव. धर्मांतरावरून १८३९ साली मुंबईच्या पारशी समाजात उसळलेला संताप खरा होता. घरातला मुलगा गेल्याचे दुःख खोटे नसते. मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या नियोगी समितीच्या, १९५६ मध्ये नागपूरला प्रसिद्ध झालेल्या अहवालातही हाच प्रश्न स्वतंत्र भारताच्या भाषेत पुन्हा उभा राहिला. दुसऱ्या बाजूला हेही खरे, की जोतीरावांनी अहमदनगरला मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात आपली शाळा काढली. बी कुणाच्या हातचे आणि पीक कुणाच्या रानात, याचा हिशेब सरळ नाही. अभ्यासकाने तो सरळ करू नये. पूर्ण मात्र मांडावा.

प्रवाह एकाच दिशेने वाहिला, असेही समजू नये. रॉबर्ट वाइल्डर १८६३ मध्ये कोल्हापूरला एका मिशनरी दांपत्याच्या पोटी जन्मला. अमेरिकेत १८८६ साली विद्यार्थी स्वयंसेवकांची जी चळवळ उठली आणि जिने पुढे हजारो तरुणांना परदेशी सेवेला धाडले, तिच्या मुळाशी तो होता. म्हणजे मिशनमधल्या ‘स्वयंसेवक’ या शब्दाचे एक मूळ पंचगंगेकाठी सापडते. आणि आपल्यातलीही एक जोडी आहे: सुमंतराव आणि गुरुबाई करमरकर. सुमंतरावांनी अमेरिकेत धर्मशास्त्राचे शिक्षण घेतले. आनंदीबाई जोशी १८८६ साली ज्या कॉलेजातून डॉक्टर झाल्या, त्याच पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजातून गुरुबाई १८९२ मध्ये डॉक्टर झाल्या. दोघे मुंबईला परतून अमेरिकन मराठी मिशनच्या कामाला लागले. इथे ‘सहायक’ कोण, हे ठरवताना अहवाल लिहिणाऱ्याचीही पंचाईत व्हावी. परदेशात तात्पुरते राहून आलेल्या मराठी दांपत्यांचा शोध या जोडीपासून सुरू करता येईल.

आज हा विषय संपलेला नाही. नोकरीतून निवृत्त झालेली जोडपी स्वतःच्या खर्चाने वर्ष-दीड वर्ष परमुलखात राहून आपल्या पंथाची सेवा करतात. मिशनऱ्यांसाठी भारत सरकारच्या व्हिसाचा वेगळा प्रकार आहे. हडपसर-मगरपट्ट्याच्या सोसायट्यांत कुणी परका शेजारी आला की लिफ्टमध्ये पहिला प्रश्न कंपनीचा असतो. धर्मकामासाठी आलेल्या जोडप्याला बसवायला आपल्या डोक्यात रकानाच नसतो. अशांशी बोलताना अभ्यासकाने दोघांशी वेगवेगळे बोलावे. येण्याचे कारण एकत्र विचारले की एक उत्तर मिळते; वेगळे विचारले की दोन.

तेव्हा वाचकहो, जवळच्या ग्रंथालयात मिशनचा एखादा जुना अहवाल मिळाला तर उघडा. नावांच्या यादीत जिथे ‘व सौ.’ दिसेल तिथे थांबा, तिचे माहेरचे नाव शोधून वहीत लिहा आणि पुढे नवऱ्याचे. वहीची पहिली ओळ मी भरून देतो: रॉक्साना पेक आणि सॅम्युअल नॉट, मुंबई, १८१३ ते १८१५. दुसरी ओळ तुमची.

हडपसर, पुणे