सॉलिड ॲक्सल व लिंक सस्पेन्शन

दोन्ही चाके एकाच अखंड आसावर बसवून तो आस कॉइल स्प्रिंग व दांड्यांनी (लिंक) चासीला जोडण्याची रचना. महिंद्राच्या जुन्या जीपगाड्यांत अखंड आस पुढे-मागे होतेच, पण पाट्यांवर. पाटा भारही पेलतो आणि आसही जागेवर धरतो. लिंक आल्या की ही कामे वेगळी होतात, स्प्रिंग मऊ ठेवता येते आणि चाकाला वरखाली अधिक वाव मिळतो. २०२० च्या थारमध्ये ही रचना फक्त मागे आहे. भारतात २०२३ मध्ये आलेल्या जिम्नीत मात्र दोन्हीकडे, थ्री-लिंक स्वरूपात.

गाडी उंच करताना खरी गोम कोनांत असते. पुढची पॅनहार्ड दांडी (आस आडवा सरकू न देणारी) स्टिअरिंगच्या ड्रॅग लिंकला समांतर राहिली नाही, तर खड्ड्यागणिक स्टिअरिंग आपोआप वळते. कॅस्टर (पुढच्या चाकाच्या वळण-अक्षाचा कल) बिघडला की गाडी सरळ चालत नाही, आणि प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढला की त्याचे क्रॉस लवकर जातात. शिवाय रायपूरभोवतीच्या कन्हार (काळ्या चिकण) मातीतल्या खोल चाकोरीत डिफरन्शिअलच जमीन नांगरते. उंच स्प्रिंगांनी ते तसूभरही वर जात नाही, त्याला मोठे टायरच लागतात.

असे बदल करताना कायदाही पाहावा लागतो: मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार करता येत नाही.