पुनव : भोर-वेल्ह्याच्या मावळातील पौर्णिमाविधी आणि पूर्णतेची कल्पना

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागातील दोन डोंगरी तालुके होत. यांपैकी वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला. जुन्या कागदपत्रांत येणारी हिरडस मावळ, रोहिड खोरे, वेळवंड खोरे, गुंजण मावळ आणि कानद खोरे ही नावे स्थूलमानाने याच भूभागाची आहेत. भात हे येथील मुख्य पीक, डोंगरमाथ्यावरील देवी हे येथील मुख्य दैवत, आणि पुनव ही येथील मुख्य तिथी. पौर्णिमेचा आध्यात्मिक अर्थ सांगताना बहुधा धर्मग्रंथांचा आधार घेतला जातो, व तो योग्यही आहे. परंतु ज्या समाजाने ग्रंथ न वाचता ही तिथी शतकानुशतके पाळली, त्याच्या मनातील अर्थ शोधावयाचा तर त्याच्या आचाराकडे आणि त्याच्या शब्दांकडे वळले पाहिजे.

प्रथम ‘पुनव’ या शब्दाचाच विचार करू. संस्कृत ‘पूर्णिमा’, प्राकृत ‘पुण्णिमा’ आणि मराठी ‘पुनव’ ही परंपरा सरळ आहे. ‘कर्ण’चे ‘कान’ व ‘पर्ण’चे ‘पान’ ज्या नियमाने झाले, त्याच नियमाने येथे ‘र्ण’चा ‘न’ झाला. आणि ‘ग्राम’चे ‘गाव’ व ‘नाम’चे ‘नाव’ होताना ‘म’चा जसा ‘व’ झाला, तसाच तो येथेही झाला. ‘अमावास्या’ या शब्दाचेही याच रीतीने ‘अवस’ झाले. ‘अवस-पुनव’ हा जोडशब्द त्यामुळे पंचांगातून उचललेला नसून बोलीत वाढलेला आहे. याउलट ‘पौर्णिमा’ हे रूप विद्वानांच्या भाषेने पुढे आणले. एकाच तिथीची ही दोन नावे तिच्याकडे पाहण्याच्या दोन दृष्टींची निदर्शक आहेत.

महाराष्ट्रात मास अमान्त मानला जातो. तो अमावास्येस संपतो आणि पौर्णिमा त्याच्या मध्यावर येते. उत्तर भारतात पौर्णिमान्त मासाची पद्धती आहे. तेथे पौर्णिमेने महिना पुरा होतो. असे असले तरी महिन्याचे नाव दोन्हीकडे पौर्णिमेनेच ठरविले आहे. पूर्ण चंद्र चित्रा नक्षत्राच्या आसपास असतो तो चैत्र, पुष्याच्या आसपास असतो तो पौष. मावळातील शेतकऱ्याचा महिना अवसेस सरत असला, तरी त्या महिन्यास नाव मिळते ते पुनवेकडून.

वैदिक कर्मकांडात दर्श आणि पूर्णमास या दोन इष्टी जोडीने येतात. बृहदारण्यक उपनिषदात प्रजापतीला सोळा कलांचा म्हटले आहे. त्यांपैकी पंधरा कला म्हणजे रात्री होत. त्या वाढतात आणि क्षीण होतात. सोळावी मात्र ध्रुव आहे. या कल्पनेचा आशय असा की, चंद्राचे भरणे आणि ओसरणे हे दोन्ही एका न ढळणाऱ्या तत्त्वाच्या आश्रयाने चालते. पूर्णता ही साठवून ठेवण्याची वस्तू नाही; ज्या क्षणी ती सिद्ध होते, त्याच क्षणापासून क्षयाचा आरंभ होतो. ग्रंथांतील हा विचार लोकाचारात नेमका कोणत्या रूपाने उतरला, हे पुढे दिसून येईल.

वर्षातील पुनवांची लौकिक नावेही उद्‌बोधक आहेत. श्रावणातील पुनव ही पोवत्याची. ‘पोवते’ हा शब्द ‘पवित्र’ या शब्दापासून आला असून अभिमंत्रित सूत्र हा त्याचा अर्थ आहे. फाल्गुनातील शिमग्याचे मूळ ‘सुग्रीष्मक’ या शब्दात आहे. बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या देशीनाममालेत ‘सुगिम्हअ’ या रूपाची फाल्गुनोत्सव या अर्थाने नोंद केली आहे. आश्विनातील कोजागिरीचे नाव ‘कोण जागा आहे?’ या लक्ष्मीच्या प्रश्नावरून पडले. कोठे सूत्र बांधावयाचे, कोठे अग्नी पेटवावयाचा, कोठे जागावयाचे. प्रत्येक पुनवेस काही तरी करावयाचे असते. केवळ चंद्राकडे पाहत बसणे हा यांपैकी एकाही पुनवेचा मुख्य विधी नव्हे.

तिथींमध्ये पुनवेला हे स्थान का मिळाले, याचे एक व्यावहारिक कारण आहे. सप्तमी कोणती आणि अष्टमी कोणती, हे जोशाला विचारावे लागते. पुनव मात्र आकाशात दिसते. सूर्य मावळण्याच्या सुमारास चंद्र उगवतो आणि पहाटेपर्यंत सोबत करतो. निरक्षर माणसालाही वाचता येईल असे पंचांगातील हे पान आहे. शंकराजी नारायण यांना १६९७ साली सचिवपद मिळाले. त्यांच्या वंशजांनी भोरवर राज्य केले आणि १९४८ साली हे संस्थान विलीन झाले. या संस्थानाचा मोठा उत्सव रामनवमीचा, म्हणजे पंचांगाने व पुरोहिताने ठरविलेल्या तिथीचा. डोंगरातील रयतेला मात्र एकत्र जमण्यासाठी पुनवेइतकी भरवशाची खूण दुसरी नव्हती.

या परंपरेचे सर्वांत ठळक उदाहरण मांढरदेवच्या काळूबाईचे आहे. हे स्थान सातारा जिल्ह्यातील वाई तालुक्यात असले तरी भोरच्या दक्षिण सीमेलगतच आहे, आणि अंबाडखिंडीच्या घाटाने भोरकडील भाविक तेथे जातात. समुद्रसपाटीपासून सुमारे ४,६५० फूट उंचीच्या या डोंगरावर पौष पौर्णिमेस, म्हणजे शाकंभरी पौर्णिमेस, मुख्य यात्रा भरते. लाख्यासुरास दिवसा मरण नाही असा वर होता, म्हणून देवीने त्यास पौष पौर्णिमेच्या रात्री मारले, अशी आख्यायिका आहे. ही रात्र निवडण्यात लोकस्मृतीने सूक्ष्म निरीक्षण जपले आहे. पौषातील पूर्ण चंद्र या अक्षांशावर मध्यरात्री जवळजवळ माथ्यावर येतो. रात्र सुमारे तेरा तासांची असते व आकाश बहुधा निरभ्र असते. भाताची कापणी व मळणी उरकलेली असते. डोंगर चढून जागर करण्यास आणि पहाटे उतरू लागण्यास याहून सोयीची रात्र वर्षात क्वचितच सापडेल.

या यात्रेतील क्रियांचे शब्द पाहिले म्हणजे पूर्णतेची लौकिक कल्पना स्पष्ट होते. यात्रा ‘भरते’, बाजार ‘भरतो’, देवीची ओटी ‘भरतात’. समुद्राला ‘भरती’ येते तीही पुनवेस मोठी. तांदूळ, खण आणि नारळ यांनी देवीची ओटी भरली की त्यातील काही भाग प्रसाद म्हणून भरणारीच्या पदरात परत येतो. भरलेले तेथेच राहत नाही. ते वाटले जाते. उपनिषदाने कलांच्या भाषेत जे सांगितले, तेच ओटीच्या विधीने तांदळाच्या मुठीत सांगितले, असे म्हणण्यास हरकत नाही. पोटासाठी मुंबई-पुण्यास गेलेली किंवा धरणांमुळे गाव सोडावे लागलेली कुटुंबे यात्रेच्या पुनवेस परत येतात, त्यातही हाच अर्थ आहे. गाव त्या दिवसापुरते भरते आणि दुसऱ्या दिवशी ओसरते.

परंतु भरण्याला मर्यादा असते, ही गोष्ट याच डोंगराने अत्यंत कठोरपणे दाखवून दिली. २५ जानेवारी २००५ रोजी शाकंभरी पौर्णिमा आणि देवीचा वार मंगळवार एकत्र आले होते. अरुंद वाट, दोन्ही बाजूंची दुकाने, फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि लाखोंची गर्दी यांतून दिवसाढवळ्या चेंगराचेंगरी झाली. दुकानांना आगी लागल्या. जवळजवळ तीनशे माणसे मृत्युमुखी पडली. राज्य शासनाने न्यायमूर्ती राजन कोचर यांचा चौकशी आयोग नेमला. त्यानंतरच्या यात्रांत पशुहत्या व वाद्ये यांवर बंदी घालण्यात येऊ लागली आणि गर्दीच्या नियमनाची व्यवस्था करण्यात आली.

ही दुर्घटना श्रद्धेचे फळ होय असे म्हणणे अन्यायाचे होईल, आणि ती केवळ व्यवस्थेची चूक होय असे म्हणणेही अपुरे होईल. पुनवेचा नेम ज्या काळी रूढ झाला, त्या काळी माणसे पायी येत. चढाची वाट आणि चांदण्याची दीर्घ रात्र हीच त्यांची गर्दी विभागीत असत. मोटारीचा रस्ता डोंगरावर पोहोचल्यावर अंतर संपले. तिथी मात्र तीच राहिली, आणि एका रात्रीत पसरणारा समुदाय दिवसाच्या काही तासांत एका पायवाटेवर गोळा होऊ लागला. विधी टिकला, पण ज्या परिस्थितीने त्याला आवर घातला होता ती नाहीशी झाली. परंपरेच्या अभ्यासकाने विधीच्या अर्थाबरोबर त्या आवराचीही नोंद घेतली पाहिजे.

भाषेने ती नोंद पूर्वीच करून ठेवली आहे. ‘भरणे’ या अर्थाच्या ज्या संस्कृत धातूपासून ‘पूर्ण’ आणि म्हणून ‘पुनव’ हे शब्द निघाले, त्याच धातूपासून नदीचा ‘पूर’ निघाला आणि ‘पुरणे’, ‘पुरविणे’ व ‘पुरे’ हेही निघाले. काठोकाठ भरणे, काठ फोडून वाहणे आणि आता आवश्यक तेवढे झाले असे म्हणून थांबणे, हे तिन्ही अर्थ एकाच कुळातील होत. पुनवेचा आध्यात्मिक अर्थ यांपैकी पहिल्यात आहे असे आपण समजतो. देवीची ओटी भरणारी मावळातील स्त्री मात्र पदरात प्रसाद घेते, नमस्कार करते आणि मागच्या बाईला जागा करून देते. पूर्णतेच्या कल्पनेत ‘पुरे’ हाही अर्थ आहे, हे तिच्या त्या बाजूस होण्यात दिसते.