गुणांक पद्धती (कॅनडा)

कुशल कामगारांची कायम वास्तव्यासाठीची पात्रता गुणांवरून ठरविणारी कॅनडातील पद्धती. १९६२ मध्ये तेथील प्रवेशाचे वांशिक निकष बव्हंशी वगळले गेले. १९६७ मध्ये गुणांक आले (पहा : देशांतर).

संघीय कुशल कामगार योजनेत १०० पैकी किमान ६७ गुण लागतात : भाषा २८, शिक्षण २५, अनुभव १५, वय १२, नोकरीचा प्रस्ताव १०, जुळवून घेण्याची क्षमता १०. वयाचे पूर्ण गुण पस्तिशीपर्यंतच. पुढे दरवर्षी एक घटतो.

हा केवळ उंबरठा. २०१५ पासून ‘एक्स्प्रेस एन्ट्री’त पात्र उमेदवारांची १,२०० गुणांची वेगळी क्रमवारी लागते आणि निवडक उमेदवारांनाच अर्जाचे निमंत्रण मिळते. तेथे भाषा-परीक्षेचे मोल दुहेरी : तिचे स्वतंत्र गुण आहेतच, शिवाय पदवी आणि परदेशातील अनुभवाचे जादा गुणही तिच्या निकालाशी जोडलेले असतात.