जैविक घड्याळ आणि हृदयकार्य : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
भारतीय कालगणनेत अहोरात्राचे 8 प्रहर व 60 घटका मानल्या गेल्या. आयुर्वेदाने दिनचर्येत आहार व निद्रेच्या वेळांना महत्त्व दिले. मात्र काळाची मोजणी शरीराच्या आतही चालते, हे प्रयोगाने सिद्ध होण्यास दीर्घ काळ लागला. प्रस्तुत लेखात या शोधाचा आढावा घेऊन साखरा (जि. हिंगोली) परिसरातील शेतकरी जीवनाच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

संशोधनाचा इतिहास :
इ. स. 1729 मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दे मेराँ यांनी लाजाळूचे रोप अंधारात ठेवले. तरीही त्याची पाने नेहमीच्या वेळी उघडत व मिटत राहिली. 1959 मध्ये फ्रांझ हालबर्ग यांनी अशा सुमारे 24 तासांच्या लयीस 'सर्केडियन' ही संज्ञा दिली. 1971 मध्ये कोनोप्का व बेंझर यांनी फळमाशीत या लयीशी निगडित जनुक दाखविले. 1972 मध्ये दोन स्वतंत्र संशोधकगटांनी मेंदूच्या हायपोथॅलॅमसमधील एक लहानसे केंद्रक हेच सस्तन प्राण्यांचे मुख्य घड्याळ असल्याचे दर्शविले. या घड्याळाची रेणवीय यंत्रणा उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश व यंग यांना 2017 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हृदयकार्यावरील परिणाम :
डोळ्यांतून येणाऱ्या प्रकाशानुसार हे केंद्रक आपली वेळ जुळविते आणि स्वायत्त मज्जासंस्था व संप्रेरकांद्वारे हृदयास संदेश देते. निरोगी व्यक्तीचा रक्तदाब झोपेत साधारणतः 10 ते 20 टक्क्यांनी उतरतो व पहाटेनंतर वाढतो. हृदयाच्या पेशींचेही स्वतःचे घड्याळ असते. 1985 मध्ये मुल्लर व सहकाऱ्यांनी हृदयविकाराचे झटके सकाळच्या प्रहरी अधिक येतात, हे दाखवून दिले. 1995 मध्ये अमेरिकी परिचारिकांच्या अभ्यासात, 6 वा अधिक वर्षे फिरत्या रात्रपाळीत काम केलेल्यांमध्ये हृदयरोहिणी विकाराचा धोका सुमारे 51 टक्क्यांनी अधिक आढळला.

निष्कर्ष :
कृषिपंपांना रात्री वीज मिळते तेव्हा मराठवाड्यातील शेतकऱ्यास रात्र जागून पिकास पाणी द्यावे लागते. या जागरणाची चर्चा सर्पदंश व थंडी यांपुरतीच मर्यादित राहते. हृदयाचा विचार होत नाही. परिचारिकांवरील निष्कर्ष शेतकऱ्यांना जसाच्या तसा लागू करता येणार नाही, त्यासाठी स्वतंत्र अभ्यास हवा. तथापि 2017 पासून राज्यात राबविल्या जाणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतील दिवसा विजेचे उद्दिष्ट केवळ सोयीचे नसून आरोग्याचेही आहे, असे या इतिहासावरून म्हणता येते.