‘व्यवसाय’ या रकान्यात काय लिहायचे? फिल्म सोसायट्यांच्या बिनपगारी कार्यकारिणींचा इतिहास

१/ १८६० साली ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात संस्था नोंदणीचा कायदा केला. वाङ्मय, विज्ञान किंवा लोकोपयोगी कार्यासाठी किमान सात माणसांनी एकत्र यावे आणि संस्था नोंदवावी, अशी त्याची तरतूद. नियामक मंडळातील प्रत्येकाचे नाव, पत्ता आणि व्यवसाय मात्र लिहून द्यावा लागे. पुढे देशातील अनेक फिल्म सोसायट्या याच कायद्याखाली नोंदल्या गेल्या. त्यांच्या याद्यांतील ‘व्यवसाय’ या रकान्यात शिक्षक, कारकून, पत्रकार, बँक कर्मचारी अशी उत्तरे असत. ही त्या माणसांची गोष्ट आहे.

२/ फिल्म सोसायटी म्हणजे काय? सभासदांनी वर्गणी भरायची, त्या पैशांतून चित्रपट मिळवायचे आणि ते फक्त सभासदांना दाखवायचे. तिकीटविक्री नाही, नफा नाही. या कल्पनेचा सर्वांत प्रसिद्ध आरंभ १९२५ साली लंडनमध्ये झाला. आयव्हर मॉंटेग्यू आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्थापन केलेल्या संस्थेचे नावच ‘फिल्म सोसायटी’ होते. ब्रिटिश सेन्सॉरने नाकारलेला आयझेनस्टाइनचा ‘बॅटलशिप पोटेमकिन’ या संस्थेने नोव्हेंबर १९२९ मध्ये आपल्या सभासदांना दाखवला.

३/ ५ ऑक्टोबर १९४७. स्वातंत्र्याला जेमतेम सात आठवडे झाले होते. कोलकात्यात सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी ‘कलकत्ता फिल्म सोसायटी’ सुरू केली. राय तेव्हा डी. जे. कीमर या जाहिरात कंपनीत चित्रकार म्हणून नोकरी करत होते. बन्सी चंद्रगुप्त, हरिसाधन दासगुप्ता ही मंडळीही सोबत होती. या संस्थेने दाखवलेला पहिला चित्रपट ‘पोटेमकिन’च होता.

४/ १९४९ मध्ये फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रेन्वार ‘द रिव्हर’च्या तयारीसाठी बंगालमध्ये आला. सोसायटीच्या मंडळींची त्याच्याशी ओळख झाली. राय त्याला स्थळे दाखवत हिंडले, तर बन्सी चंद्रगुप्तांना त्या चित्रपटाच्या कलाविभागात काम मिळाले. वर्गणीवर चालणाऱ्या छोट्या मंडळाच्या सभासदांना जगातील एका श्रेष्ठ दिग्दर्शकाचे काम जवळून पाहता आले.

५/ इतिहास इथे एक अडचणीचा प्रश्न विचारतो. १९५२ च्या सुमारास हीच सोसायटी जवळपास बंद पडली. त्याच वर्षी राय ‘पथेर पांचाली’च्या चित्रीकरणाला लागले होते. संस्थेचे कर्तेधर्ते कलावंत झाले आणि पत्रे लिहायला, वर्गणी गोळा करायला, सभागृह ठरवायला कोणी उरले नाही. प्रतिभावान संस्थापक मिळणे आणि संस्था टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या चळवळीला पहिल्या पाच वर्षांतच कळले.

६/ १९५६ मध्ये सोसायटीचे पुनरुज्जीवन झाले. ‘पथेर पांचाली’ने वातावरण बदलले होते. आयझेनस्टाइनची चरित्रकार असलेली ब्रिटिश समीक्षक मेरी सीटन याच काळात भारतभर सिनेमावर व्याख्याने देत होती. ठिकठिकाणी लहान मंडळे उभी राहत होती, परंतु त्यांना एकमेकांची फारशी खबर नव्हती. ती गुंफण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत एक मराठी नाव ठळक आहे.

७/ विजया मुळे. जन्म मुंबईचा, १९२१ चा. विवाहानंतर पाटण्याला गेल्या, शिक्षणासाठी इंग्लंडमधील लीड्सला गेल्या आणि तेथे फिल्म सोसायटीचा अनुभव घेऊन परतल्या. पाटण्यात आणि नंतर दिल्लीत फिल्म सोसायटी उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता. ‘व्यवसाय’ या रकान्यातले त्यांचे उत्तर: केंद्रीय शिक्षण मंत्रालयातील अधिकारी. दूरदर्शनवर एका पिढीने पाहिलेला ‘एक अनेक और एकता’ (१९७४) हा बोधपट त्यांचाच. ‘अक्का’ या नावाने त्या या वर्तुळात ओळखल्या जात.

८/ १३ डिसेंबर १९५९ रोजी ‘फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया’ ही शिखर संस्था स्थापन झाली. अध्यक्ष सत्यजित राय. संयुक्त कार्यवाह विजया मुळे आणि चिदानंद दासगुप्ता. कोलकाता, दिल्ली, मुंबई, मद्रास, पाटणा अशा शहरांबरोबर रुरकीसारख्या लहान गावातील सोसायटीही आरंभापासून सोबत होती. अध्यक्षाच्या जगभरच्या कीर्तीमुळे सरकारदरबारी दारे उघडत. आत जाऊन अर्ज देणे आणि त्याचा पाठपुरावा करणे हे काम कार्यवाहांचे होते.

९/ कार्यकारिणीचे काम नेमके काय असे? ३५ मिलिमीटर फिल्म मिनिटाला ९० फूट सरकते. म्हणजे दोन तासांचा चित्रपट हा तीन किलोमीटरहून अधिक लांबीचा, डब्यांत भरलेला, वजनदार ऐवज. तो परदेशी वकिलातीकडून किंवा दुसऱ्या सोसायटीकडून मागवायचा, रेल्वेने वेळेत आला का ते पाहायचे, स्टेशनवरून उचलायचा, चित्रगृहाचा सकाळचा मोकळा खेळ भाड्याने घ्यायचा आणि दुसऱ्याच दिवशी डबे पुढच्या गावी रवाना करायचे. एका गावाने उशीर केला की पुढच्या गावाचा खेळ बुडे.

१०/ दुसरी लढाई कागदोपत्री होती. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याचे नववे कलम केंद्र सरकारला सूट देण्याचा अधिकार देते. त्याच आधारे, सभासदांपुरते चित्रपट सेन्सॉर प्रमाणपत्राविना दाखवण्याची सवलत फेडरेशनच्या सोसायट्यांना मिळाली. करमणूक कर राज्यांच्या अखत्यारीत होता. त्यासाठी वेगळे अर्ज, वेगळी कार्यालये. परक्या भाषेतला, कापाकापी न झालेला चित्रपट पडद्यावर येण्यापूर्वी त्याच्यामागे अशा पत्रव्यवहाराची जाडजूड फाइल तयार झालेली असे.

११/ १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पी. के. नायर यांच्या काळात तेथील प्रिंट्स देशभरच्या सोसायट्यांकडे जाऊ लागल्या. पुण्यातच सतीश बहादूर हे प्राध्यापक चित्रपटाचे रसग्रहण शिकवत होते. ते मूळचे आग्र्यातील अर्थशास्त्राचे अध्यापक आणि तेथील फिल्म सोसायटीचे कार्यकर्ते. रसास्वाद शिबिरांतून तयार झालेली माणसे आपापल्या गावी परतून सोसायटीचे काम अंगावर घेऊ लागली.

१२/ मुंबईत ‘फिल्म फोरम’मध्ये बासू चटर्जी सक्रिय होते. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकात व्यंगचित्रे काढणारा हा गृहस्थ १९६९ मध्ये ‘सारा आकाश’चा दिग्दर्शक झाला. १९६८ मध्ये ‘प्रभात चित्र मंडळ’ स्थापन झाले. पत्रकार सुधीर नांदगावकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक सिनेमाची चर्चा मराठीतून घडवली. मंडळाच्या ‘रूपवाणी’ या नियतकालिकाने त्या चर्चेला परिभाषा दिली. तिकडे तिरुवनंतपुरममध्ये अडूर गोपालकृष्णन यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये ‘चित्रलेखा’ उभी राहिली होती.

१३/ यशाबरोबर पेचही आला. सत्तरच्या दशकात सोसायट्यांची संख्या शंभराच्या पुढे गेली आणि सभासदत्वासाठी गर्दी होऊ लागली. तिच्यातील मोठ्या वर्गाला आकर्षण होते ते सेन्सॉरची कात्री न लागलेल्या दृश्यांचे. ‘धीट’ चित्रपटाला सभागृह भरे, तर गंभीर चित्रपटाला खुर्च्या रिकाम्या राहत. वर्गणी मात्र दोन्ही प्रकारच्या सभासदांकडून सारखीच येई.

१४/ आता कार्यकारिणीने काय करावे? गर्दीला दुखवावे, तर भाडे थकते. गर्दीच्या मागे जावे, तर ज्या हेतूने सवलत मिळवली तो हेतूच बुडतो आणि सवलतही धोक्यात येते. अनेक मंडळांनी मधला मार्ग काढला: खेळाआधी परिचयपत्रिका, खेळानंतर चर्चा, वर्षातून एखादे शिबिर. काही सोसायट्या मात्र त्या गर्दीबरोबरच वाढल्या आणि ती ओसरताच विरून गेल्या.

१५/ या काळातील सर्वांत विलक्षण प्रयोग शहरात झालेला नाही. कर्नाटकात सागर तालुक्यात हेग्गोडू हे सुपारीच्या बागांचे खेडे आहे. तेथे १९४९ मध्ये गावकऱ्यांनी ‘नीनासम’ ही नाट्यसंस्था स्थापली. बागायतदार आणि लेखक असलेल्या के. व्ही. सुब्बण्णांनी तिला आकार दिला. १९७३ मध्ये तिच्यातून ‘चित्रसमाज’ ही फिल्म सोसायटी निघाली. शेतकरी आणि मजूर राय, कुरोसावा, डी सिका यांचे चित्रपट पाहू लागले. ‘गावकऱ्यांना हे कळणार नाही’ ही शहरी समजूत तेथे खोटी ठरली. सुब्बण्णांना १९९१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

१६/ १९८२ मध्ये रंगीत दूरदर्शन आले, पाठोपाठ व्हिडिओ कॅसेट आली. जे पाहण्यासाठी सभासद व्हावे लागे, ते घरात पोचले. सोव्हिएत संघ आणि पूर्व युरोपातील राजवटी कोसळल्यावर तेथील वकिलातींतून येणाऱ्या प्रिंट्सचा ओघही आटला. अनेक सोसायट्यांना शेवटी गणसंख्येइतके सभासद जमवणेही अवघड झाले.

१७/ तरीही धागा तुटला नाही. १९९६ पासून केरळात आंतरराष्ट्रीय महोत्सव भरू लागला. त्याला लाभलेला जाणता प्रेक्षक सोसायट्यांनी तीन दशके घडवला होता. पुण्यात ‘आशय’सारख्या संस्थेने चित्रपट पाहण्याची सवय जपली. २००२ मध्ये पुण्याचा आंतरराष्ट्रीय महोत्सव आणि मुंबईचा ‘थर्ड आय’ आशियाई महोत्सव सुरू झाले. या महोत्सवांच्या मुळाशी सोसायट्यांतून घडलेली माणसे होती.

१८/ आज कोणताही चित्रपट खिशातल्या फोनवर मिळतो, त्यामुळे डबे वाहणारी माणसे अनावश्यक वाटू शकतात. परंतु त्यांचे खरे काम निवड करण्याचे होते. कोणता चित्रपट दाखवावा, का दाखवावा आणि सभागृह अर्धे रिकामे राहिले तरी पुढच्या महिन्यात पुन्हा कोणता लावावा, हे पाच-सात माणसे एकत्र बसून, वाद घालून ठरवत आणि त्या निर्णयाची जबाबदारी स्वतःच्या नावावर घेत.

१९/ १८६० चा कायदा आणखी एक गोष्ट सांगतो: नियामक मंडळाची यादी दरवर्षी नव्याने सादर करावी. १९५२ मध्ये कोलकात्याची सोसायटी थंडावली ती चित्रपटांच्या किंवा प्रेक्षकांच्या अभावी नव्हे. रोजचे काम अंगावर घेणारी माणसे उरली नव्हती. ज्या संस्था पन्नास वर्षांनंतरही उभ्या आहेत, तेथे दर वर्षी कोणीतरी त्या यादीत आपले नाव लिहू दिले. नावापुढे पत्ता, पत्त्यापुढे व्यवसाय: शिक्षक, कारकून, पत्रकार.